व्हिसावरचं कुंकू

बॅग भरून हॉलमध्ये उभी होती, आणि कुसुमताईला वाटत होतं की एक लाथ घालावी आणि तिला जिन्यावरून खाली लोटून द्यावी.

दोन महिने खपून भरलेली बॅग होती ती. येसर भाजून, दळून, दुहेरी पिशव्यांत गच्च बांधलं होतं, कारण पोरीला येसराची आमटी लागते आणि जर्मनीत ती कुणाचा बाप करून घालणार नव्हता. शेंगदाण्याची चटणी होती, काळा मसाला होता, छोटा कुकर होता, कुकरच्या पोटात लोकरीचे मोजे कोंबले होते. नवरा नवनाथ चाकणच्या एका गिअरबॉक्सच्या कंपनीत पॅकिंगला. त्यानं बबल शीट आणून एकेक डबा असा काही गुंडाळला की लेक दिव्या हसून म्हणाली, "पप्पा, मी चाललेय, गिअरबॉक्स नाही." तेव्हा तिघंही हसली होती.

आणि आता काय? उद्या सकाळी ही बॅग गाडीत चढणार. हार घेऊन माणसं जमणार, ताशा वाजणार, पोरगी हात हलवणार, आणि गाडी जाणार कुठं तर आळंदीला! वन्संच्या घरी. जर्मनी राहिली जर्मनीच्या जागी.

हे सगळं तात्यांच्या कृपेनं. तात्या म्हणजे उद्धवराव, नवनाथचा थोरला भाऊ. नवनाथ त्यांना दादा म्हणायचा, बाकी सगळी मोशी तात्या म्हणायची. धाराशिवकडून फार आधी आलेला माणूस. कंपन्यांना कामगार पुरवता पुरवता मोठा झाला, गावाकडची माणसं आणून इथं वसवली, त्यांचं मंडळ काढलं, आणि आता महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं घाटत होतं. नवनाथला इथं त्यांनीच आणलं, त्यांनीच कंपनीत चिकटवलं. ही गोष्ट ते स्वतः विसरत नसत आणि नवनाथलाही विसरू देत नसत.

दिव्यानं इंजिनिअरिंगला नाव घातलं तेव्हा हेच तात्या म्हणाले होते, "पोरीच्या जातीला मशीन कशाला? स्थळ बघा." तिनं एमएससाठी जर्मनीचं काढलं तेव्हा म्हणाले, "तिकडं जाऊन वाया जाईल, माझ्याकडं मग रडत यायचं न्हाई." कुसुमताईनं दोन्ही वेळा ओठ शिवून ऐकून घेतलं होतं. धाकट्या भावाची बायको पडली ना, बोलायची सोय नाही. दिव्यानं मात्र कुणाचं ऐकलं नाही. दिवसा नोकरी, संध्याकाळी जर्मनचा क्लास, असं करत करत तिनं प्रवेशही मिळवला आणि व्हिसाही.

व्हिसा आला आणि तात्या एका रात्रीत बदलले. स्पाइन रोडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. 'आमची पुतणी, आमचा अभिमान! उच्च शिक्षणासाठी जर्मनीला रवाना.' भाजी घेऊन येताना कुसुमताईनं तो पाहिला आणि तिच्या पायाची आग मस्तकात गेली. दिव्याचा फोटो खाली कोपऱ्यात, विड्याच्या पानाएवढा. आणि तात्या दाराएवढे, गॉगल लावून, हात जोडून. जर्मनीला नक्की कोण चाललंय तेच कळत नव्हतं.

एवढ्यावर थांबतील तर ते तात्या कसले? मंडळाच्या शेडमध्ये सत्कार ठेवला. निरोप आला, पासपोर्ट घेऊन या, त्याची पूजा करायची आहे. यात कुसुमताईला काही वावगं वाटलं नाही. या पट्ट्यात कशाची पूजा होत नाही? नवी गाडी आली की तिला हळदीकुंकू, कंपनीत नवी मशीन बसली की तिला हार, खंडेनवमीला नवनाथच्या पॅकिंगच्या कटरलासुद्धा झेंडू. मग पोरीला परदेशी नेणाऱ्या पुस्तकानं काय घोडं मारलंय? तिनं स्वतः पाटावर पासपोर्ट ठेवला, बंद, आणि वर एक झेंडूचं फूल. अक्षता टाकायच्या आणि उचलायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

तात्यांचा प्रज्वल म्हणून एक उजवा हात. मंडळाचे व्हिडिओ काढणं हेच त्याचं काम. तो मोबाईल रोखून म्हणाला, "तात्या, बंद पुस्तक काय दाखवायचं लोकांना? व्हिसा दाखवा ना राव."

तात्यांनी पासपोर्ट उघडला. व्हिसा म्हणजे आतल्या एका पानावर चिकटवलेला कागद, त्याच्यावर दिव्याचा छोटा फोटो. तात्यांनी तो लोकांकडे धरला, मग पाटावर ठेवला, वाटीतल्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवला, आणि त्या फोटोतल्या पोरीच्या कपाळावर दाबून टिळा लावला. चांगला ठसठशीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तात्या, नको!" दिव्या मागून ओरडली, पण तोवर झालं होतं. ती धावत पुढे आली. तात्यांना वाटलं, कुंकू जरा जास्त झालं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि घासला. फोटो लाल झाला. शेजारची अक्षरं लाल पाण्याबरोबर पसरली. फोटोत नाक कुठलं आणि डोळे कुठले, ओळखू येईना.

"अगं, देवाचं कुंकू हाय," तात्या हसत म्हणाले. "जर्मनवाले काय खातेत का आपल्याला?"

"हा चेहरा माझा आहे म्हणून तिथला ऑफिसर ओळखणार कसा?" दिव्या म्हणाली, पण स्पीकरवर गाणं लागलं होतं, मागच्यांना काही ऐकू गेलं नाही. "विमानातसुद्धा चढू देणार नाहीत मला. तुम्हाला कुणी सांगितलं होतं आत हात घालायला?"

तेव्हा कुठं तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पासपोर्ट मिटला आणि स्वतःच्या जाकिटाच्या आतल्या खिशात घातला. "गप. ओरडू नको. वाकडला आपला माणूस हाय, पोरं परदेशी पाठवायचं त्याचं ऑफिसच हाय. दोन दिवसांत नवाकोरा करून आणतो."

दोन दिवस गेले, आणखी दोन गेले. वाकडचा माणूस काय म्हणाला ते तात्या सांगेनात. तात्यांची ओळख तलाठ्याकडं चालायची, चौकीवर चालायची, नळजोडणीला चालायची. जर्मनीच्या व्हिसाला ती चालत नाही, हे कबूल करायला त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी दिव्यानंच मेल केले. विद्यापीठाचं उत्तर आलं की महिनाअखेरपर्यंत थांबतो, त्यानंतर जागा जाईल. व्हिसाच्या ऑफिसनं कळवलं की सोमवारी पुण्याच्या सेंटरवर पासपोर्ट घेऊन स्वतः या, बघून ठरवू. म्हणजे दार अजून बंद झालं नव्हतं. फक्त पासपोर्ट हातात हवा होता.

आणि शनिवारी संध्याकाळी तात्या आले. पासपोर्ट द्यायला नाही, बेत सांगायला.

"उद्याचा कार्यक्रम ठरल्यापरमाणं होणार," सोफ्यावर पसरत ते म्हणाले. "ताशा सांगितलाय, फुलं सांगितलीत. पोरगी गाडीत बसंल, आपण निरोप देऊ, गाडी जाईल."

"कुठं जाईल?" दिव्यानं विचारलं.

"आळंदीला, तुझ्या आत्याकडं. इलेक्शन होस्तोवर तिथंच राहायचं. भाईर फिरायचं न्हाई. स्टेटसला अधनंमधनं बर्फाचा फोटो टाकत जा, प्रज्वल देईल काढून."

कुसुमताईला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण तात्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. फ्लेक्स लागला, टिळ्यापर्यंतचा व्हिडिओ सगळ्या भागात फिरला, आणि आता पोरगी घरीच दिसली तर लोक हसतील, विरोधक नाचतील. म्हणून पोरीनं जर्मनीला गेल्याचं सोंग करायचं!

"सोमवारी मला पुण्याला जायचंय," दिव्या म्हणाली. "माझा पासपोर्ट द्या."

"त्या लाइनीत आपल्या भागातली पोरं असत्यात. रविवारी ताशा लावून पाठवलेली पोरगी सोमवारी लाइनीत उभी दिसली, तर मी तोंड कुठं लपवू? पासपोर्ट माझ्याकडं सेफ हाय. पुढच्या वर्षी जा की. जर्मनी काय पळून चाललीय?"

"अहो तात्या, जागा जाईल तिची," कुसुमताई म्हणाली. "दोन वर्षं राबलीय पोरगी, आणि तुमच्या..."

"कुसुम, तू मधी बोलू नको." तात्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नवनाथ, तुझं काय म्हणणं?"

नवनाथ फरशीकडे बघत बसला होता. बबल शीटचा एक तुकडा त्याच्या हातात होता, त्याचे फुगे तो एकेक करून फोडत होता. "दादा म्हणतील तसं," तो म्हणाला.

तात्या गेल्यावर कुसुमताईनं भाकरी थापायला घेतली आणि पहिली भाकरी अशी आपटली की शेजारच्या बेगमचाचीनं भिंतीपलीकडून विचारलं, "क्या हुआ गं कुसुम?" काही नाही, चाची, म्हणून ती ओरडली, आणि पीठ भरल्या हातांनीच बाहेर आली.

"तुमच्या तोंडाला काय कंपनीतली टेप मारलीय का हो?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? माझं घर हाय! पोरीच्या आयुष्याचा चिखल केला त्या माणसानं, आणि तुम्ही फुगे फोडताय?"

"त्यानं आणलं नसतं तर आपण आज कुठं असतो, त्याचा इचार कर."

"त्यानं आणलं म्हणून काय पोरगी पण त्याची झाली? तुम्ही वीस वर्षं वाकून राहिलात, राहा. माझी काही ना नाही. पण तिला कशाला वाकवताय? तुमच्या भावाचं नाक वाचवायला माझी पोरगी माळ्यावर लपून बसणार? फरारी आरोपी हाय का ती?"

नवनाथनं आणखी एक फुगा फोडला. त्याचा काही न बोलण्याचा स्वभाव एरवी तिला गोड वाटायचा. आज तिला त्या गप्प चेहऱ्याची किळस आली. दिव्या बॅगेवर बसून होती. ती एवढंच म्हणाली, "आई, ओरडून काय होणारे? पासपोर्ट त्यांच्या खिशात आहे." आणि हे अगदी खरं होतं, म्हणून कुसुमताईला आणखीच संताप आला.

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली मांडव नव्हता एवढंच. बाकी लग्नाचा थाट. ताशावाले होते, स्पीकर होता, फुलांनी सजवलेली पांढरी गाडी होती. नवनाथनं मान खाली घालून बॅग डिकीत ठेवली. दिव्या नवा ड्रेस घालून दगडासारखी उभी होती. तिच्या गळ्यात एकामागून एक हार पडत होते. बायका कुसुमताईला म्हणत होत्या, "ताई, नशीब काढलं हो पोरीनं." प्रत्येकीला हो हो म्हणताना तिची जीभ कडू पडत होती. इतक्या माणसांना आपण तोंडावर फसवतोय, आणि सगळी कौतुकानं आलीत.

तात्यांनी माईक घेतला. भाषण लांबलं. पोरीच्या शिक्षणासाठी आपण पहिल्यापासून कसे पाठीशी होतो, ते सांगितलं. लेकी शिकल्या पाहिजेत, ते सांगितलं. कुसुमताईच्या कानशिलात घण बसत होते. मग तात्यांच्या लक्षात आलं की प्रज्वल लाइव्ह करतोय आणि अजून कुणी रडलेलं नाही.

"आता पोरीची आई दोन शब्द बोलंल," ते म्हणाले, आणि माईक तिच्या हातात दिला. "बोल कुसुम. रडू नको."

कुसुमताईनं उभ्या आयुष्यात माईक हातात धरला नव्हता. तिनं समोर पाहिलं. सगळे मोबाईल वर. बायकांनी पदर डोळ्यांशी आधीच नेले होते. कालपासून जे काही आत उकळत होतं, त्यातलं काय बोलावं तिला सुचेना. मग जे सगळ्यांत साधं होतं तेच तोंडातून आलं.

"तात्या, पोरीचा पासपोर्ट द्या."

स्पीकरमधून तो आवाज चौकापर्यंत गेला. लोक हसले. "हाय की, हाय की," तात्याही हसले. "गाडीत देतो."

"गाडीत नाही, आत्ता द्या. पासपोर्टशिवाय विमानात बसू देत नाहीत, एवढं मलाही कळतं. तुमच्या जाकिटाच्या आतल्या खिशात हाय."

हसणं थोडं कमी झालं. बेगमचाची गॅलरीतून वाकून म्हणाली, "दे डालो ना तात्या, पोरगी की फ्लाइट छूट जाएगी." दोघंतिघं म्हणाले, द्या की तात्या. सगळे बघत होते, मोबाईल चालू होता, आणि खिशात असलेला पासपोर्ट न द्यायला तात्यांकडे कारण नव्हतं. त्यांनी तो काढला. देताना डोळे असे वटारले की घरात असती तर कुसुमताई मागं सरली असती.

ती मागं सरली नाही. तिनं ते पान उघडलं आणि प्रज्वलच्या मोबाईलसमोर धरलं.

"घे, नीट घे. हा माझ्या पोरीचा व्हिसा. ह्याच्यावर तात्यांनी मंडळाच्या सत्काराला ओलं कुंकू लावलं, वर ओल्या रुमालानं पुसलं. टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. ह्या व्हिसावर तिला कुणी विमानाच्या आसपास फिरकू देणार नाही. ती आज जर्मनीला चालली नव्हती. तिला आळंदीला नेऊन लपवणार होते, इलेक्शन होस्तोवर. का, तर ह्यांचा फ्लेक्स खोटा पडू नये!"

ताशा आपोआप थांबला. एक बाई हातातला हार तसाच धरून उभी राहिली. दिव्यानं गळ्यातले हार काढायला सुरुवात केली. एकेक काढून ती गाडीच्या टपावर ठेवत होती.

"कुसुम!" तात्यांचा चेहरा काळवंडला. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणतीस? बायकांनी किती बोलावं त्याला काय सुमार? दे तो इकडं." आणि त्यांनी पासपोर्टवर झडप घातली.

मध्ये नवनाथ आला. तो कधी पुढं आला ते कुणी पाहिलं नाही. त्यानं तात्यांचं मनगट धरलं होतं.

"दादा, हात खाली घे."

"मला सांगतोस? मला? उद्यापासून कंपनीत कसा ऱ्हातोस तेच बघतो मी!"

"बघ," नवनाथ म्हणाला. त्यानं मनगट सोडलं, डिकी उघडली, बॅग बाहेर काढली, खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागला. दिव्या त्याच्या मागं गेली. माईक अजून कुसुमताईच्याच हातात होता. तो कुठं ठेवायचा ते न कळून तिनं तो गाडीच्या टपावर, हारांच्या ढिगात टाकला. फटकन मोठा आवाज झाला.

वर आल्यावर नवनाथ बॅगेपाशी उकिडवा बसला. कुसुमताईनं त्याला चहा दिला. त्याच्यावरचा तिचा राग गेला नव्हता. वीस वर्षांचा राग एका वाक्यानं कसा जाईल? पण चहात साखर तिनं त्याच्या मापाची घातली.

संध्याकाळी ती दूध आणायला उतरली, तेव्हा फ्लेक्स जागेवरच होता. फक्त खालचा दिव्याच्या फोटोचा चौकोन तात्यांच्या कुणा पोरानं ब्लेडनं कापून नेला होता. तात्या गॉगल लावून तसेच हात जोडून उभे होते. कुसुमताई तिथंच रस्त्यात थांबली आणि तोंडात आली ती शिवी तिनं दिली, मोठ्यानं. दूधवाल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सोमवारी सकाळी दिव्या निघाली. साधा कुर्ता, पाठीवर सॅक, प्रवेशाची कागदं. सोबत नवनाथ, पुण्यापर्यंत. कामावर आज गेला नव्हता. उद्या काम असेल की नाही तेही ठाऊक नव्हतं. व्हिसा परत मिळेल की नाही, तेही नाही. बॅग हॉलमध्ये भरलेलीच होती. ती उपसायची नाही, असं कुसुमताईनं दोघांनाही बजावलं होतं.

देवापुढचा करंडा उचलून ती दाराशी आली. बाहेर पडणाऱ्या लेकीला कुंकू लावल्याशिवाय तिनं कधी पाठवलं नव्हतं, शाळेच्या परीक्षेलासुद्धा. पण आज झाकण उघडलं आणि तो लाल रंग बघून तिचा हात तिथंच अडला. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी साधी गोष्टसुद्धा त्या माणसानं नासवून ठेवली होती.

"लाव की," दिव्या म्हणाली आणि वाकली. "हे कपाळ आहे, आई. इथंच लावायचं असतं."

कुसुमताईनं अंगठा टेकवला, जरा जोरातच. दिव्या "आई गं" म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. शेल्फवर पासपोर्ट होता, नवनाथनं बबल शीटमध्ये गुंडाळून, टेप लावून ठेवलेला. कुसुमताईनं हात पुढे केला, आणि मागे घेतला. तिनं अंगठा पदराला पुसला. मग मोरीत जाऊन साबणानं धुतला, कोरड्या टॉवेलनं टिपला, उजेडाला धरून पाहिला. आणि मगच पासपोर्ट उचलून लेकीच्या हातात दिला.